डावं मनगट

"हे काय बांधून राह्यले भाऊ हाताले?" सीटी स्कॅनच्या खोलीतल्या टेक्निशियननं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता कपिलच्या उजव्या मनगटावरच्या चिंधीचा लोंबता शेंडा चिमटीत धरून ओढला. गाठ सुटली. एकाच ओढीत, आवाज न करता, रोज सकाळी सुटायची तशीच; आज निघायच्या घाईत ती सोडायची राहिली होती. टेक्निशियननं ती हिरवी चिंधी किल्ल्या, मोबाइल आणि कमरेच्या पट्ट्याबरोबर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टाकली आणि म्हणाला, "या, झोपा इथं. डोकं तिकडं करा." यात काही नव्हतं. यवतमाळच्या त्या गार खोलीत दिवसभरात किती जणांच्या गळ्यातले, दंडातले, कमरेचे दोरे सुटत असतील. पण कपिल उभाच राहिला. मनगट एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं त्याला. अंगात शर्ट नव्हता त्याचं काही वाटलं नाही, मनगटाचं वाटलं. त्या गाठीला आजवर दोघांच्याच बोटांची सवय होती, त्याच्या आणि दीपाच्या. आज तिसऱ्याचं बोट लागलं, आणि गाठीनं जरासुद्धा कुरकुर केली नाही. गाठच ती. शेंडा ज्याच्या हातात, त्याची.

तशी ती गाठ त्याच्या धंद्यातली. दारव्ह्यात त्याचं मंडप-डेकोरेशन आहे, आणि मंडपवाल्याची गाठ म्हणजे ताण येईल तितकी आवळणारी, पण शेंडा ओढला की मुकाट्यानं सुटणारी. कारण लग्न लागलं की मंडप सोडायचा असतो आणि दुसऱ्या दिवशी तोच कपडा दुसऱ्या गावात बांधायचा असतो. ही गाठ त्यानं दीपाला शिकवली ती लग्नाच्या पहिल्या वर्षी, पलंगावर बसून, तिच्याच जुन्या हिरव्या साडीचा काठ फाडून. तेव्हा दोघांना एकमेकांशी धड बोलताही येत नव्हतं. ती वणीची, खाणीकडची, फटकळ. हा पाच शब्दांत दिवस काढणारा. तिनं पहिल्या फटक्यात गाठ उलटी मारली, दुसऱ्यांदा तिसराच गुंता केला, आणि मग एकदम जमल्यावर त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाली होती की

साँस रोकिए.

यंत्रातली बाई हिंदीत बोलली. कोणत्या गावची असेल, कोणत्या खोलीत बसून तिनं हे एकदाच बोलून ठेवलं असेल. फळी कपिलला घेऊन त्या पांढऱ्या कड्यात सरकली. छातीत हवा कोंडून तो वर पाहत राहिला. कड्याच्या आत काहीतरी गरगरत होतं, दळणाच्या चक्कीसारखं, पण दळणाचा वास नसलेलं.

साँस लीजिए.

की "पाहा, आता कुठी पळाले तं मले समजनच." तो हसला होता. आणि ती एवढ्या मोठ्यानं हसली होती की बाजूच्या खोलीतून त्याचे बाबा, भीमराज, खाकरले होते.

खांदा पहिल्यांदा निखळला तो त्याच्याही आधी, चौदा एप्रिलच्या स्टेजवर. ऊन असं की बांबूला हात लावला तर चटका बसावा. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून, झालरीचं टोक दातात धरून, उजवा हात डोक्यामागे ताणून कपिल निळा कपडा मागच्या खांबाला बांधत होता. कपडा वाऱ्यानं फुगला, हात मागे ओढला गेला, आणि खांद्यातून काहीतरी बाहेर गेलं. दुखणं नंतर आलं. आधी आलं ते हे बाहेर जाणं. घरातून कोणी न सांगता उठून जावं तसं. त्यांच्या मंडळीत डोमाजी म्हणून म्हातारा गडी होता, त्यानं त्याला फळीवर पालथं निजवलं, हात खाली लोंबता सोडला, आणि मनगटाला पाण्यानं भरलेली बादली बांधली. "पडून राय बापा. त्याले घाई केली तं थो रुसते. आपल्या मनानं येते थो घरी." आणि खरंच, स्टेजवर माइक टेस्टिंग चालू असताना, खांदा आपल्या मनानं घरी आला होता. पण एकदा दार पाहिलेला खांदा. मग शिंकताना गेला. शर्टात हात घालताना गेला. आणि दीपा घरात आल्यावर काही महिन्यांनी झोपेत गेला, कारण कपिलला लहानपणापासून हात उशीवर डोक्यामागे टाकून झोपायची सवय. तो गुरासारखा ओरडला. दीपानं दिवा लावला, घाबरली नाही, डोमाजीला बोलवायलासुद्धा थांबली नाही. कपिलला स्वतःच पालथं केलं आणि बादली शोधायला धावली. दुसऱ्या दिवसापासून साडीचा काठ. एक टोक त्याच्या उजव्या मनगटाला, दुसरं तिच्या डाव्या. मध्ये वीतभर अंतर. झोपेत हात वर जायला लागला की तिला ओढ बसे, ती जागी होई आणि हात खाली आणून ठेवी. न बोलता. दिवा न लावता. ती कायम त्याच्या उजव्या बाजूला झोपायची, एरवी एकाच कुशीवर. त्यांचं भांडण झालं, आणि भांडणं होतच, तिला भांडण करता येई आणि याला गप्प बसता येई, तरी ती त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, हात मागे करून गाठ मारायची. न पाहता. गाठ तशीही बरोबर बसायची. कधी मध्येच त्याला जाग आली तर तो हात मुद्दाम जरासा हलवून पाही. लगेच तिकडून उत्तर येई. बोटं येत, मनगट दाबत, जात. नऊ वर्षं हे बोलणं चाललं होतं आणि दिवसा त्याचा उच्चार दोघांपैकी कोणी एकदाही केला नव्हता. आणि म्हणूनच तर

साँस रोकिए.

म्हणूनच तर त्याच्या मनात आलं, अगदी स्पष्ट, जणू यंत्रातल्या बाईनंच उच्चारलं: जुळलेलं नसू दे. हाड जुळलेलं नसू दे.

साँस लीजिए.

हवा बाहेर पडली तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली. सहा महिन्यांपूर्वी खांद्याला हाडाचा तुकडा लावायचं ऑपरेशन झालं होतं. दीपानं भिशीची, भावाची, कुठली कुठली मदत उभी केली, दवाखान्यात फरशीवर झोपली, बाबांचं जेवण फोनवरून सांभाळलं. आणि हा इथं पालथ्या मनाचा माणूस फळीवर पडून म्हणतोय, जुळलेलं नसू दे. पण काल संध्याकाळी मेथी निवडताना ती म्हणाली होती, "उद्या फोटोत हाड जुळलं निंगालं, तं मी वणीले जाईन. राहाले."

"किती दिवस?"

"मन भरंपर्यंत."

मेथीच्या काड्या ती सुपात एकीकडे टाकत होती आणि बोलताना वर पाहिलंही नव्हतं. वणीला ती जायची, पण सकाळी जाऊन दिवेलागणीला परत. एवढ्या वर्षांत माहेरी मुक्काम नाही. तिची आई पंचफुला चारचौघींत विचारायची, "काहून व, एक रात्र सोडलं तं जावई उडून जाते काय?" आणि बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. दीपाही हसायची. खरं काय ते तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. घरचं घरात. मन भरंपर्यंत. म्हणजे किती? आणि ती गेल्यावर ही सवय मोडेल. आणि ती परत आल्यावर कोणत्या कारणानं, कोणत्या तोंडानं म्हणायचं की दीपा, बांध? हाड जुळलेल्या माणसाला कोण बांधून ठेवतं.

"झालं भाऊ. उठा सावकाश," टेक्निशियन म्हणाला. कपिलनं ट्रेमधून पट्टा घेतला, किल्ल्या घेतल्या, चिंधी खिशात कोंबली.

बाहेर बाकावर दीपा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, ताठ, जणू तिलाच कोणी हलू नका म्हणून सांगितलं होतं. "दुखलं काय?" "नाही." "मंग तोंड काहून असं केलं?" "कसं?" "उसनं आणल्यासारखं." तिनं पिशवीतून डबा काढून त्याच्या हातावर शेवचिवडा ठेवला, आणि ठेवता ठेवता त्याचं मनगट पाहिलं. उघडं. चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. "सोडलं काय त्यानं?" "हो." "बरं केलं," ती म्हणाली. बरं केलं हे तिनं कोणत्या अर्थानं म्हटलं, हे तो चिवडा संपेपर्यंत चावत राहिला.

डॉक्टरांच्या खोलीत पडद्यावर त्याचा खांदा होता. आपला खांदा परक्या भिंतीवर पाहणं विचित्र. करडं हाड, काळी पोकळी, आणि मध्ये दोन पांढरेशुभ्र स्क्रू, एकाखाली एक. स्क्रूंभोवती पांढऱ्या रेषा फाकल्या होत्या, लग्नाच्या मंडपात धूळ उडाली की हॅलोजनभोवती फाकतात तशा. "ती धातूची चमक आहे, तिकडे लक्ष नका देऊ," डॉक्टर म्हणाले, आणि पेनाच्या टोकानं दाखवू लागले. ऑपरेशनच्या आधी त्यांनी सांगितलं होतंच: खांदा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू, आणि तुमच्या बशीची पुढची कड निखळून निखळून झिजली, लिंबू घरंगळणारच. म्हणून तुमच्याच खांद्याच्या पुढचं, कावळ्याच्या चोचीसारखं एक छोटं हाड काढून त्या कडेला लावू. आता त्यांनी चित्र सरकवलं. एक काप, दुसरा काप, तिसरा. पावाच्या लादीसारखा खांदा उलगडत गेला. "ही जुनी बशी. हा लावलेला तुकडा. मध्ये फट दिसते का?" दीपा खुर्चीवरून पुढे झुकली होती. "नाही दिसत जी." "नाहीच आहे. जुळलं. एकदम घट्ट. कोणतं आपलं आणि कोणतं लावलेलं, ते आता हाडालाही ओळखू यायचं नाही."

दीपानं श्वास सोडला. केव्हा रोखला होता कोण जाणे, तिला तर कोणी सांगितलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी तपासायला कपिलचा हात हातात घेतला आणि थांबले. उजव्या मनगटाभोवती, रोज घासून घासून पडलेला, फिकट पट्टा होता. "हे काय? गळ्यातला पट्टा सहा आठवडेच घालायचा होता ना? अजून बांधताय की काय?"

"थो पट्टा तं तवाच काढला डाक्टर साहेब," दीपा घाईनं म्हणाली. "हे तं आमचं घरचं आहे."

"घरचं?"

आता ते सांगावं लागलं. दीपानंच सांगितलं, जमिनीकडे पाहत, अर्ध्या वाक्यांत: झोपेत हात वर जाते म्हणून. साडीचा काठ. आधीपासून. आपरेशनच्या नंतर तुमी म्हणले होते रात्री हात मोकळा सोडू नका. कधीपर्यंत थे नाही सांगितलं, मंग आमी सोडला नाही. डॉक्टर आधी हसले. मग हसणं अर्ध्यात विरलं आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं?" ते म्हणाले. "आणि तुम्ही झोपत कधी होता ताई?"

कपिलला हा प्रश्न आजवर पडला नव्हता. नऊ वर्षं त्यानं तिच्या बोटांची वाट पाहिली होती, ती बोटं लगेच येतात याचं सुख घेतलं होतं. पण लगेच येणारी बोटं म्हणजे जागं माणूस, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. तो मुद्दाम हात हलवून पाही तेव्हाही. तेव्हाही ती जागी होत होती.

"झोपा इथं," डॉक्टर म्हणाले. कपिल तपासणीच्या टेबलावर उताणा झाला. डॉक्टरांनी त्याचं कोपर वाकवलं, हात बाजूला नेला, आणि मग हळूहळू मागे, वर, चेंडू फेकायला नेतात तसा. हीच ती जागा. झालरीची. उशीची. ऑपरेशनच्या आधी हात इथं पोचण्याच्या कितीतरी अगोदर त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, आणि डॉक्टरांनी लगेच हात खाली ठेवला होता. आताही ते खांद्याकडे पाहत नव्हते. त्याच्या तोंडाकडे पाहत होते. दुखतं का, असं त्यांनी विचारलं नाही. "भीती वाटते का?" असं विचारलं.

वाटत होती. छाती भरून वाटत होती. तोंडावर ती जराशी येऊ दिली असती, भुवई एवढीशी आवळली असती, तरी पुरे होतं. फोटो काही म्हणो, डॉक्टर म्हणाले असते, अजून थोडे दिवस जपा. दीपानं ऐकलं असतं. वणी पुढे गेली असती. आणि त्यात खोटंही काही नव्हतं. भीती खरीच होती, फक्त खांद्यात नव्हती. त्यानं मान वळवली. दीपा भिंतीशी उभी होती, त्याच्या तोंडाकडे पाहत, ओठ मिटून. आणि उजव्या हाताच्या बोटांनी ती आपलं डावं मनगट चोळत होती. तिचं तिलाही माहीत नसावं. चोळणारी बोटं बाजूला झाली तेव्हा बांगड्यांच्या वर त्याला तो पट्टा दिसला. तिच्याही मनगटावर. तसाच, फिकट.

"नाही," कपिल म्हणाला.

"नक्की?"

"नाही वाटत जी."

डॉक्टरांनी हात आणखी मागे नेला. खांदा मुकाट्यानं गेला आणि मुकाट्यानं तिथंच राहिला.

खाली काउंटरवर मोठं पाकीट मिळालं, फिल्मचं. ते कोपऱ्यावर फाटलं होतं, फिल्म बाहेर डोकावत होती. "काई आहे काय बांधाले?" दीपानं विचारलं. कपिलनं खिशातून चिंधी काढून दिली. क्षणभर तिनं ती हातात धरली. मग पाकिटाभोवती दोन वेढे घेतले आणि तीच गाठ मारली, न पाहता, बोलता बोलता. चिंधी आता चिंधी झाली होती. पाकीट बांधायची.

"वणीले कधी जातं?" जीपच्या अड्ड्यावर त्यानं विचारलं.

"पाहू."

"पाहू काय? जाय नं. मी सोडून देतो. मन भरंपर्यंत राय."

दीपानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मले घालवाची लय घाई झाली तुमाले? कोणी पाहून ठेवली काय?"

"हो. मंडपात झाडू मारते थे लीलाबाई."

"सत्तरीची?"

"चालते."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की जीप भरायला हाका मारणारा ड्रायव्हर क्षणभर थांबला. मग हसू पुसत ती म्हणाली, "मले तिथं काई काम नाही हो. मले फक्त झोपाचं आहे. आईच्या घरी, आडवी-तिडवी." आणि जीपमध्ये चढली. मन भरंपर्यंत. म्हणजे झोपेनं.

जीप भरली आणि मग आणखी भरली. दीपा सवयीनं त्याच्या उजव्या बाजूला, खिडकीशी. यवतमाळ मागे पडायच्या आत ती झोपली. डोळे मिटले असं नाही. विहिरीत दगड पडावा तशी झोपली. तिला असं झोपलेलं कपिलनं कधी पाहिलं नव्हतं. तोंड थोडं उघडं, घोरणं बारीक, मांडीवरचं पाकीट घसरत चाललेलं. पुढच्या सीटवरच्या कोणाच्या तरी गाठोड्यातून ओल्या कोथिंबिरीचा वास येत होता. बाहेर पऱ्हाटीची बोंडं फुटून कापूस दिसत होता, मैलच्या मैल, आणि त्याला वाटलं, ही नऊ वर्षांची झोप आहे. हिला दारव्ह्यापर्यंतचा रस्ता कसा पुरेल. खड्डा आला. तिचं डोकं खिडकीच्या लोखंडी चौकटीकडे गेलं, आपटता आपटता राहिलं. दुसरा खड्डा आला तेव्हा तिथं कपिलचा तळहात होता. हात तिच्या डोक्यामागून वळसा घेऊन वर गेला होता, आणि चौकटीवर पंजा पसरून थांबला होता. तिचं डोकं हातावर आदळलं, दोनदा, तीनदा. ती उठली नाही.

बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की तो हात उजवा आहे. बाजूला, मागे, वर. झालरीचा. उशीचा. त्यानं खांद्याच्या आत कान लावला. आत कोणी उठून जात नव्हतं.

तेवढ्यात मांडीवर काहीतरी चाललं. दीपाचा डावा हात झोपेतच सीटवर, मग त्याच्या मांडीवर सरकत होता. उजवं मनगट जिथं असायला हवं तिथं ते चाचपत होता. तिथं नुसती पँट होती. हात थांबला, परत फिरला, गुडघ्यापर्यंत जाऊन आला. घोरणं अडखळलं. आता ती जागी होणार. वरचा हात खाली आणावा, तर डोकं लोखंडावर. ठेवावा, तर खाली मनगट नाही. कपिलनं अंग वळवलं, आणि आपला डावा हात, ज्याला जन्मात कधी राखण लागली नव्हती, तो आडवा घालून तिच्या बोटांखाली सरकवला.

बोटांनी चाचपलं. क्षणभर थबकली, जणू त्यांना कळलं असावं. मग मिटली, एकदा दाबून.

घोरणं पुन्हा लागलं. लाडखेडच्या पुढे रस्ता चांगला झाला, एकही खड्डा नव्हता, पण त्यानं वरचा हात खाली घेतला नाही.